अनुभव धागा : तुमच्या घरचा ओटीपी कोण सांगतं?

धागा सुरू करणारी, आर्वी तालुका (जि. वर्धा)

२०२५ च्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसून फोनवर सहा आकडे मोठ्यानं वाचत होते. पलीकडून गावातला एक पोरगा हमीभावानं कापूस विकण्यासाठीच्या 'कपास किसान' ॲपवर त्यांची नोंदणी करत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे आकडे कशाचे? ते म्हणाले, "मले काय मालूम बाई, त्यानं मागतले, म्या सांगतले."

बाबांना वावराचा गट नंबर, कोणत्या वर्षी किती क्विंटल कापूस झाला, सगळं तोंडपाठ आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, हेही त्यांनीच मला सांगितलं. पण त्या भावापर्यंत पोचायची वाट दुसऱ्याच्या फोनमधून जाते. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आई-बाबा दोघं दोन दिवस रांगेत उभे राहिले, कारण आईचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बोटाला रेघा उरतात कुठं?

तेव्हापासून हे मनात आहे. म्हणून सगळ्यांना विनंती, आपापला अनुभव लिहा. गावात पहिला कॉम्प्युटर आला तो दिवस, पहिला टच फोन, ऑर्कुट, फेसबुक, व्हॉट्सॲप, जे आठवेल ते. पण एक गोष्ट नक्की सांगा : तुमचं यंत्रावरचं काम कोण करून देतं, आणि ते माणूस नसेल त्या दिवशी काय होतं? जशी बोलता तशी भाषा लिहा. गावाचं नाव नको, तालुका पुरे.

झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान, घाटंजी तालुका (जि. यवतमाळ)

ताई, तुम्ही ज्या पोराबद्दल लिहिलं तो पोरगा मीच समजा. २००४ पासून दुकान आहे. एक जुना कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि दिवसातून आठ तास गेलेली लाइन, यावर सुरुवात झाली.

तेव्हा काम म्हणजे टायपिंग. लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव, दुय्यम शिधापत्रिकेचे अर्ज. मी टाइपरायटरवर शिकलेला, त्यामुळं कृतीदेव फाँटवर बोटं धावायची. पण इथं टाइप केलेला मजकूर यवतमाळला दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसायची. पुढं कळलं की त्या फाँटमध्ये आत इंग्रजीच अक्षरं असतात, वरून फक्त मराठी रूप चढवलेलं असतं. समोरच्याकडं तो फाँट नसला की रूप उतरतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण गेली. मला मात्र नवीन कळफलक शिकायला वर्ष लागलं. पस्तिशीत बोटांना नव्या सवयी लावणं सोपं नाही.

आता मुख्य गोष्ट. अर्ज ऑनलाइन झाले तसं प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबर मागायला लागले. अर्ध्या गावाकडं तेव्हा फोन नव्हता. असला तर महिन्याला सिम बदलायचे, कारण नवीन सिमवर बोलायला जास्त पैसे मिळायचे. मग मी काय करायचो? माझाच नंबर टाकायचो. विधवा म्हाताऱ्या, सालदार, बेड्यावरची (भटक्यांच्या वस्तीवरची) माणसं, सगळ्यांच्या अर्जात माझा नंबर. पासवर्ड मी ठरवायचो आणि दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचो. मला त्यात गैर वाटत नव्हतं. काम होत होतं, लोक दुवा देत होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. सतरा दिवस दवाखान्यात. उशाशी फोन, त्यावर टिंग टिंग ओटीपी येत होते. कोणीतरी दुसऱ्या दुकानातून अर्ज भरायचा प्रयत्न करत होतं, आणि आकडे येत होते माझ्याकडं, ऑक्सिजन लावलेल्या माणसाकडं. कोणाचा ओटीपी कोणता, हेही मला कळत नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली ती स्वतःच्या जिवाची नव्हती. मी गेलो असतो तर गावातल्या दोनेकशे घरांची किल्ली माझ्यासोबत गेली असती.

बरा होऊन आल्यावर ठरवलं, ज्याचा नंबर त्याच्याकडं, ज्याचा पासवर्ड त्याच्याकडं. एकेकाला बोलावतो, नंबर बदलतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून शिधापत्रिकेच्या प्लास्टिकमध्ये ठेवायला देतो. जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुकान उघडं होतं, कारण रात्रीच साइट हलायची. त्या गर्दीतही एकाही अर्जात माझा नंबर टाकला नाही. ज्या बाईकडं फोन नव्हता तिला म्हटलं, मुलीचा घेऊन ये, भावाचा घेऊन ये, मी थांबतो. दोघीजणी रागावून दुसरीकडं गेल्या.

आशा सेविका, धारणी तालुका (जि. अमरावती)

आमच्या तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. माझं गाव जंगलात आत आहे. इथं शाळेमागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर फोनला एखादी दांडी मिळते. माहिती रोज संध्याकाळी पाठवायची असते, म्हणून रोज चढते.

मी कोरकू आहे. सुरुवातीला बायांच्या ग्रुपवर मराठीत लिहायची. कोणी वाचायचं नाही. मग एके दिवशी माइकचं बटण दाबून कोरकूत बोलले, की सोमवारी लसीकरण आहे, लेकरांना घेऊन या. सोमवारी ओट्यावर जागा पुरली नाही. तेव्हापासून मी लिहिणं सोडलं. बायाही बोलूनच उत्तर पाठवतात. ज्या सासूसमोर बोलत नाहीत त्या टेकाडावर येऊन माझ्याशी फोनमध्ये बोलतात.

पण एक रात्र सांगते. एका पहिलटकरणीनं कळा सुरू झाल्यावर मला आवाजात निरोप पाठवला. तिच्या फोनवर एकच टिक राहिली. मी घरी झोपलेली, फोन बिननेटचा. सकाळी टेकाडावर गेले तेव्हा तो निरोप आला. तोवर घरीच बाळंत झाली होती. दोघंही वाचले. तिच्या नवऱ्याला मी ओरडले, म्हटलं चालत आला असतास तर वीस मिनिटं. तो म्हणाला, निरोप तर पाठवला होता ना.

आता आठवा महिना लागला की त्या घरी जाऊन सांगते, निरोप पाठवा पण माणूसही पाठवा. दुसरी टिक दिसेपर्यंत मला काही कळलेलं नाही असं धरा.

कास्तकार, तेल्हारा तालुका (जि. अकोला)

माह्या नातवानं मले फोनात दामिनी ॲप घेऊन देल्लं. इज कुठं पडून रायली ते दिसते त्याच्यात, वीस किलोमीटरच्या आत, चाळीसच्या आत. आमच्याकडं दरसाली वावरात इजेनं माणसं मरतात. माहा चुलतभाऊ निंबाखाली उभा होता, तिथंच गेला. तवा फोन नव्हते.

मले वाचता येते, पण चश्मा वावरात नेत नाई. नातवानं सांगतलं, आबा, गोल लाल झाला का निंघायचं. आता आभाळ आलं का बायांइले हाका मारतो, निंदण ठेवा अन् घरी चला. पयल्यांदा हासल्या. आता त्याच इचारतात, भाऊ, पाह्यलं का फोनात?

घर आणि बचत गट, रिसोड तालुका (जि. वाशीम)

माझ्या फेसबुकवर माझा फोटो नाही, गुलाबाचं फूल आहे. आमच्या गावातल्या बहुतेक बायांचं तसंच आहे. कोणाची तुळस, कोणाचा विठोबा, कोणाचा लेक. मी एकदा बहिणीच्या लग्नातला स्वतःचा फोटो लावला होता. चार दिवसांत माझ्याच नावानं, त्याच फोटोचं दुसरं खातं निघालं आणि त्यावरून नवऱ्याच्या मित्रांना निरोप गेले. खातं कोणी काढलं ते कळलं नाही. शिक्षा मला झाली. सात महिने फोन बंद. सासरचं कोणी हात उगारला नाही, पण घरात बोलणंही नव्हतं.

फोन परत मिळाला तो गटामुळं. हिशेब ऑनलाइन झाले आणि गटाची सचिव मी. नवऱ्यालाच म्हणावं लागलं, फोन दे हिला. माझं शिक्षण सातवी. बोलून टाइप होतं हे मुलानं दाखवलं. पण मी 'काहून' म्हटलं की फोन भलतंच काही लिहितो, 'का' म्हटलं तर बरोबर. म्हणजे फोनशी बोलताना मला पुण्याच्या बाईसारखं बोलावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. आईनं शिकवलेली भाषा त्याला कधी कळेल?

काम कोण करून देतं, हा प्रश्न होता ना? मी करते. बारा बायांचं करते. पिन मात्र त्यांचा त्यांना टाकायला लावते आणि तेव्हा तोंड फिरवते.

निवृत्त शिक्षक, मेहकर तालुका (जि. बुलढाणा)

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

२०१८ च्या जूनमध्ये गावाच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा निरोप आला. सोबत व्हिडिओ होता. मी मुख्याध्यापक, मुलांची काळजी म्हणून तो निरोप पालकांच्या तिन्ही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कृपया सावध राहावे." माझं नाव खाली होतं म्हणून लोकांनी तो खरा मानला. ओटीपी आपण दुसऱ्याच्या भरवशावर सांगतो, तसं लोकांनी माझ्या भरवशावर ते ऐकलं.

आठवड्याभरात एक बहुरूपी आपल्या दोन मुलांना घेऊन गावात आला. दरवर्षी येणारा माणूस. पोलिसाच्या वेशात होता. चावडीजवळ तीस-चाळीस जण जमले, कोणी बाभळीचं दांडकं घेऊन. पोलीस पाटलांच्या आईनं त्याला ओळखलं. म्हातारी मधे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन ओरडली. माणसं मागं सरली. मी शाळेच्या फाटकातून पाहत होतो. माझे पाय हलले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार केलं. कारण तीच अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एकावेळी पाच ठिकाणांपुरतंच पुढं पाठवता येईल असं बंधन घातलं. मला तर तीनच ठिकाणं पुरली होती.

तो बहुरूपी आमच्या गावात पुन्हा आला नाही.

बारावी, कोरची तालुका (जि. गडचिरोली)

२०२० मध्ये मी सातवीत होते. घरात एक फोन, तो बाबांसोबत कामावर जायचा. रात्री आल्यावर धडे उघडायचे, तोवर डेटा संपलेला. आमच्या सरांनी शेवटी कागद छापून घरोघरी दिले. मला आता कॉम्प्युटर शिकायचं आहे. आमच्या गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे वाचल्यापासून ती लिपी मोबाइलवर टाइप करून पाहतेय. आजी म्हणते, आधी मला वाचून दाखव.

नाट्य कलावंत, देसाईगंज-वडसा (जि. गडचिरोली)

धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, आणि मंडईच्या रात्री नाटक, ही आमची झाडीपट्टी रंगभूमी. रात्री पडदा उघडतो, उजाडताना पडतो. पूर्वी गावची मंडळी वडस्याला येऊन, चहा पिऊन, तारीख ठरवून जायची. आता पोस्टर व्हॉट्सॲपवर जातं, तारीख तिथंच ठरते. आमच्या कंपनीचं फेसबुक पान माझी मुलगी पुण्यातून चालवते. तिची रात्रपाळी असली की पोस्टर उशिरा पडतं, मग फोन माझ्याकडं येतात.

एका प्रयोगात कोणीतरी शेवटचा अंक फोनवरून थेट दाखवला. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावात तेच नाटक होतं. आता कोण येणार, असं वाटून मी दिवसभर जेवलो नाही. रात्री माणसं बैलबंडीनं, मोटारसायकलनं, पोती घेऊन आली. एक आजी म्हणाली, "फोनात दिसलास, बापू, पन तू रडतास का नाय ते कुठी दिसते त्याच्यात?" मी त्या रात्री खरोखर रडलो.

धागा सुरू करणारी, आर्वी तालुका

घाटंजीच्या दादांना विचारायचं आहे : त्या वहीतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन झाल्या का? मी बाबांना या आठवड्यात एवढंच शिकवलं, की आकड्यांच्या वर निरोपात काय लिहिलंय ते आधी वाचायचं, आणि पैसे काढण्याचा निरोप असेल तर कोणालाही सांगायचे नाहीत. काल त्यांनी मला फोन करून पूर्ण निरोप वाचून दाखवला, शेवटच्या पूर्णविरामासकट.

झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान, घाटंजी तालुका

नाही ताई. चौदा उरल्या. पाच जण कामाला बाहेरगावी गेले, दिवाळीलाही आले नाहीत. सहा जण वारले, त्यांच्या घरी कोणाला द्यायची ते विचारतोय, कारण दोन घरांत भावाभावांचा वाद आहे. उरलेल्या तीन म्हाताऱ्या चिठ्ठी घ्यायला तयार नाहीत. एक म्हणते, तुह्याजवळच राहू दे बापा, माह्या घरी उंदरं हायेत. तिच्यासाठी उद्या झाकणाचा डबा घेऊन जातोय.