तक्रार नेमकी कुठे द्यायची? वहिनीसाठी विचारतो आहे, तातडीनं सांगा

हिंगणारोड: माझी वहिनी हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. तिथला एक माणूस तिला त्रास देऊन राहिला. मी दोन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी म्हणाले, कंपनीच्या समितीकडे द्या. दुसरीकडे म्हणाले, तीन महिने झाले, मुदत गेली. मग आम्ही जायचं कुठे? नेमकं ऑफिस सांगा फक्त.

पारडीकर: सरळ पोलीस स्टेशनला जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचंच आहे. समित्या म्हणजे वेळ घालवणं.

बर्डीची_ताई: भाऊ, कंपनीत माणसं किती? त्रास देणारा सोबतचा कामगार आहे की सुपरवायझर? आणि शेवटची घटना कधीची? हे कळल्याशिवाय ऑफिस कसं सांगायचं?

नंदनवन७: १८१ ला फोन करा, २४ तास चालू असतो. माझ्या मावसबहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं तेव्हा तिथूनच मदत मिळाली. घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांना भेटा.

हिंगणारोड: सासरचा विषय नाही हो, कामावरचा आहे. माणसं आठ-नऊ. आणि त्रास देणारा मालकच आहे. सुट्टी झाली की माल मोजायला म्हणून मागच्या गोदामात एकटीला बोलावतो. दिवाळीपासून चालू आहे. ओढणीची पिन ती आता मुठीत धरून जाते.

बर्डीची_ताई: मग कंपनीच्या समितीचा प्रश्नच नाही. अंतर्गत समिती दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्याचं कलम ६. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि ‘स्थानिक समिती’ हेच शब्द वापरा. शेवटची घटना कधीची ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

हिंगणारोड: मागच्या गुरुवारची.

बर्डीची_ताई: मग मुदत गेली कशी? प्रकार सारखा घडत असेल तर तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात. उशीर झालाच असता तरी कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकते. तुम्हाला चुकीचं सांगितलं.

वर्धारोड_रात्रपाळी: एमआयडीसीतून संध्याकाळी बाया पायी येतात, रस्त्यावर दिवे नाहीत, आपली बस वेळेवर नाही. १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण आपल्या राज्यानं आणलं, २०२४ ला चौथं आलं. पण छोट्या युनिटच्या बाईला कुठे जायचं हे तिथल्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. याचा मला फार राग येतो.

पारडीकर: मी तरी म्हणतो, आधी एफआयआर. समितीला चौकशीलाच ९० दिवस. आणि त्या मालकाचा व्हिडिओ काढून व्हायरल करा.

बर्डीची_ताई: व्हायरल अजिबात नको! वहिनींची ओळख आणि चौकशीतली माहिती जाहीर करायला त्याच २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये मनाई आहे. भाऊ, कंपनीचं नाव इथेही लिहू नका. आणि पोलीस की समिती असं काही नसतं, दोन्ही चालतं. समितीकडे लेखी मागितलं तर चौकशी होईपर्यंत तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. पोलीस ते देत नाहीत.

पारडीकर: दोन्ही चालतं तर मग दोन्ही करा. पोलिसात वहिनींचा जबाब महिला अधिकारीच घेईल एवढं बघा.

हिंगणारोड: अर्ज मी माझ्या नावानं देऊ का? ती फार घाबरली आहे. दादाला अजून सांगितलं नाही.

बर्डीची_ताई: नाही. सही वहिनींचीच हवी, तुम्ही सोबत जा. लिहिणं जमत नसेल तर लिहून देणं हे समितीचं काम आहे. अर्जाच्या सहा प्रती काढा, साक्षीदारांची नावं टाका. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि दादाला सांगायचं की नाही ते वहिनींना ठरवू द्या.

हिंगणारोड: हजेरीच्या रजिस्टरमध्ये तिचं नावच नाही. मग तो म्हणेल, ही माझ्याकडे कामालाच नव्हती.

बर्डीची_ताई: रोजंदारी, हंगामी, ठेक्यावरची, सगळ्या बाया कायद्यात येतात. पगार कसा देतो? काही कागद?

हिंगणारोड: रोख. लिफाफ्यावर पेन्सिलीनं नाव आणि दिवस लिहून देतो. आत्ताच वहिनीला विचारलं. दोन लिफाफे तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवले होते, ते निघाले. त्याचंच अक्षर आहे. सोबतची एक बाई साक्ष द्यायला तयार आहे. सोमवारी सकाळी जातो तिघं.