शाळेतल्या जुन्या खेळाडूंचा आन सरांचा सत्कार करायचाय, नावं कशी ठरवावी?

गोदाकाठचा:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय पण पूर्ण वाचा. आमची शाळा मराठवाड्यातलीच, कॅथलिक मिशनची, फादर लोकांची. नाव घेत नाही कारण अजून काहीच फायनल नाही. माजी विद्यार्थी संघानं ठरवलंय की औंदाच्या गॅदरिंगला शाळेकडून खेळलेल्या जुन्या पोरापोरींचा आणि त्यांना घडवणाऱ्या सर-मॅडमचा सत्कार करायचा, हॉलच्या भिंतीवर फोटो लावायचे आणि हे दरवर्षी चालू ठेवायचं. फादर प्रिन्सिपल लगेच हो म्हणले.

अडकलंय ते नावांवर. कमिटीत एकानं नियम काढला की राज्यस्तर खेळल्याचं प्रमाणपत्र ज्याच्याकडं असंल त्याचंच नाव घ्यायचं. ऐकायला बरोबर वाटतंय, पण ह्या नियमानं आमच्या खो-खो टीममधला सगळ्यात भारी पळणारा गडीच बाहेर जायलाय. तो किल्लारीकडचा, बोर्डिंगला राहायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याचं घर बसलं, घरातली दोन माणसं गेली, आता त्या माणसाला प्रमाणपत्राची झेरॉक्स मागायची? मला तर त्याला फोन लावायला पण जीव होईना.

दुसरं म्हणजे आमचे पी.टी.चे सर. त्यांचं नाव कोणाच्याच यादीत नाही, कारण ते स्वतः कधी जिल्ह्याच्या पुढं खेळले नाहीत. पण सकाळी साडेपाचला मैदानावर कोण असायचं? स्वतः पाणी मारायचे, रोलर ओढायचे, फक्कीच्या रेघा मारायचे. दुष्काळाच्या साली मैदानावर मारायला पाणी कुठलं, जमीन टणक व्हायची, मग सर पोल डाइव्ह, म्हणजे खांबापाशी झेप घेऊन गडी बाद करायचं, बंद करायचे आणि महिनाभर आमच्याकडनं नुसतं खो द्यायचं घटवून घ्यायचे, आवाज आधी की हात आधी, उठताना पाय रेघेवर पडला का, बास एवढंच. तवा कंटाळा यायचा. पण पुढं विभागाला समोरच्या टीमचे फाऊल मोजले आणि आमचे मोजले तवा कळलं सर काय करायलते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्याकडं असं काही झालंय का? नियम काय ठेवले? सांगा.

बालाघाटवाला:

दादा, सरांचं नाव पहिल्या वर्षीच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. बघा, अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला आणि कोचसाठीचा द्रोणाचार्य १९८५ ला, म्हणजे शिकवणाऱ्याला मान द्यायला देशाला पण चोवीस वर्षं लागली. आपल्या राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारात मार्गदर्शकाचा वेगळा विभाग आहेच. तुम्ही पण खेळाडू आणि मार्गदर्शक असे दोन विभाग सुरुवातीपासूनच वेगळे ठेवा, म्हणजे कोच स्वतः किती खेळला हा प्रश्नच येणार नाही.

आमच्या बीडचंच घ्या. पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८ च्या कॉमनवेल्थला कुस्तीत ५७ किलोत सोनं आणलं, पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपला कांस्य. त्याचे वडील पैलवान, मग पुण्याला वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार, ते लातूर जिल्ह्यातले, आणि ते वारल्यावर काका पवार, ते पण लातूरकडचेच. म्हणजे एका मेडलमागं तीन माणसं आहेत आणि तिघंही आपल्या मातीतली. तालमीत पोरगं कुस्ती जिंकून आलं की आधी वस्तादाच्या पाया पडतंय, हे शाळेला कोणी शिकवायची गरज पडू नये.

आन एक, पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायचे तर पैसे नव्हते, तवा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. ते काही कुस्तीचे कोच नव्हते. तुमच्या शाळेत पण असा कोणी असंल, ज्यानं पोरांच्या एसटीचं भाडं भरलं, नाहीतर बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात स्पर्धेच्या दिवशी चारला उठून डबे केले. त्यांना पण स्टेजवर बोलवा.

सिस्टरची_शिष्या:

मी जालन्याकडची, मी पण सिस्टर लोकांच्या शाळेत शिकले. तुमच्या पोस्टमध्ये पोरापोरींचा लिहिलंय पण उदाहरणं सगळी पोरांचीच दिलीत, म्हणून लिहायला बसले.

पोरी शोधताना पहिली अडचण आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं सासरी नाव पण बदललं, फेसबुकवर शोधून काही सापडत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर काढा, त्यात माहेरचं नाव आणि गाव असतंय, त्या गावात फोन करा, माहेरची माणसं लगेच नंबर देतात. आमच्या कबड्डीच्या टीममधल्या सात जणी आम्ही अशाच शोधल्या, एक तर वीस वर्षांनी भेटली. तिच्या लेकराला माहीतच नव्हतं की आई खेळायची! हे ऐकून मला लई वाईट वाटलं, खरंच सांगते.

दुसरं, फादर-सिस्टर-ब्रदर यांची काही वर्षांनी बदली होते. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर साडीचा पदर खोचून आमच्यासोबत पळायच्या, त्यांनीच गावातल्या घरोघरी जाऊन आईबापांना समजावलं की पोरगी चड्डी घालून खेळली तर काही बिघडत नाही. नंतर त्यांची बदली झाली आणि नव्या लोकांना त्या कोण हे पण माहीत नाही. त्यांच्या संस्थेच्या प्रोव्हिन्शियल हाऊसला, म्हणजे त्या प्रांताच्या मुख्य घराला, पत्र लिहा, कोण सध्या कुठल्या घरात आहे ते तिथं कळतंय. आणि फादरांना विचारा की घराची क्रॉनिकल आहे का. बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये आणि फादरांच्या घरात रोजच्या घडामोडी लिहायची वही ठेवतात, त्यात आज मुलं मॅच जिंकून आली अशा नोंदी मिळू शकतात. तुमच्या किल्लारीच्या दादांचं नाव त्यातच सापडंल कदाचित.

धाराशिवची खो-खोवाली सारिका काळे २०२० ला अर्जुन पुरस्कार घेऊन आली, केजकडच्या प्रियंका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली जानेवारी २०२५ ला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपण जिंकला. आजच्या पोरींना हे टीव्हीवर दिसतंय. पण त्यांच्या आधी आपल्याच शाळेत कोण कोण खेळून गेली ते भिंतीवर दिसायला पाहिजे.

औसेकर_डलास:

माझा पुतण्या इथं अमेरिकेत कॅथलिक हायस्कूलला आहे म्हणून थोडं माहीत आहे. इथं याला हॉल ऑफ फेम म्हणतात आणि अशा बऱ्याच शाळांत ते असतंय. कोणी पण नाव सुचवू शकतो, फॉर्म भरायचा, कमिटी ठरवते. खेळाडूला शाळा सोडून काही वर्षं झाल्याशिवाय नाव घेत नाहीत, काही ठिकाणी पाच, काही ठिकाणी दहा, म्हणजे नुकत्याच पास झालेल्या स्टारच्या नादात जुनी माणसं मागं पडत नाहीत. कोच वेगळे, पूर्ण टीम वेगळी, आणि ज्यांनी खेळासाठी मदत केली त्यांचा पण एक विभाग. कार्यक्रमाच्या आधी मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, मग जेवण, नाहीतर फुटबॉलच्या मॅचच्या मधल्या वेळात मैदानावर बोलवून सगळ्यांसमोर नाव घेतात.

मला त्यातलं पूर्ण टीमचं सगळ्यात पटलं. खो-खो एकट्याचा खेळ नाहीच ना. तीन जणांची तुकडी आत जाते, पहिल्यानं मिनिटं काढली म्हणून शेवटच्याला दम राहतो. त्या वर्षीची सगळी टीम घ्या, मग प्रमाणपत्राचा वाद कमी होईल, कारण दहा-बारा जणांपैकी एकाकडं तरी कागद असणारच आणि बाकीचे त्याच टीममधले हे सगळ्यांना माहीत असतंय.

मोसंबीबाग:

तारखेबद्दल सांगतो. २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन, ध्यानचंदांची जयंती, पण तवा आपल्याकडं काळी माती चिकटून मैदान खेळण्यासारखं राहत नाही. १५ जानेवारी घ्या, खाशाबांची जयंती, तीच आता राज्याचा क्रीडा दिन आहे. किंवा २० जानेवारी, संत सेबॅस्टियनचा सण, कॅथलिक लोकं त्यांना खेळाडूंचे आश्रयदाते संत मानतात, तुमच्या फादरांना हे नक्की आवडंल. आन उशीर करू नका. खाशाबा १९८४ ला गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना २००० साली दिला. तुमचे सर ऐंशीचे आहेत म्हणता, मग पुढच्या वर्षी बघू असं कोणी म्हणलं तर ऐकूच नका.

गोदाकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली, तुमचे सगळे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवले. प्रमाणपत्राचा नियम काढला. त्याच्या जागी त्या वर्षीच्या टीममधल्या दोघांनी लिहून द्यायचं असं ठरलं. मार्गदर्शकांचा विभाग वेगळा, आणि पहिल्या वर्षी एका वर्षाची पूर्ण खो-खो टीम. ताई, तुमचं खरं आहे, आमच्या यादीत एकवीस नावांत तीनच पोरी होत्या, आता दोन मॅडमकडं जनरल रजिस्टर बघायचं काम दिलंय. फादर म्हणले क्रॉनिकलच्या जुन्या वह्या कपाटात आहेत, रविवारी मासनंतर बसून काढू.

किल्लारीच्या मित्राला शेवटी फोन केला. कागदाचं काही विचारलं नाही, फक्त ये म्हणलं. तो बराच वेळ गप होता, मग म्हणला सर येणार असतील तर येतो.

सरांच्या घरी पण जाऊन आलो. शाल-श्रीफळ म्हणल्यावर ते नको नको करायले. मग म्हणले, २० जानेवारीला सकाळी आधी मॅच ठेवा, आताच्या पोरांची आणि तुमची, मी फक्की मारायला येतो, सत्काराचं नंतर बघू. आता प्रॅक्टिस कोण कोण करायलंय ते कळवा, आमच्या बॅचचे सध्या पाचच जण तयार आहेत, नऊ तरी लागतील.