दोन फोटो बघून जुनिपरचं रान मेलं म्हणणाऱ्यांना

खानापुरी: काल इथं एकानं हिमाचलातल्या लाहौलच्या सहलीचे फोटो टाकले, खाली निकालही दिला: "जुनिपर सगळे म्हातारे, रोप एक दिसलं नाही, रान संपलंच समजा." रात्री झोप लागेना म्हणून लिहितो. जुनिपर म्हणजे हिमालयातलं सदाहरित, सावकाश वाढणारं झाड. कोरड्या उतारावरचं जुनिपर म्हणजे आपल्या कणकुंबीचं रान नव्हे, की पाऊस पडला आणि पायाखाली रोपंच रोपं. त्याचं फळ पिकायलाच दीड-दोन वर्षं, वर बरंचसं बी पोकळ. रुजलंच तर झुडपाच्या सावलीत, नाहीतर दगडाच्या आडोशाला. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या लोकांनी लाहौलच्या जुनिपरच्या खोडातली वाढीची वर्तुळं मोजून हजार वर्षांहून लांब क्रम लावलाय. इतकं जगणाऱ्याला दरसाल पोरं कशाला हवीत? शतकात दोनदा जमलं तरी वंश चालतो. आणि घेर बघून वय ठरवू नका, मनगटाएवढं खोड तुमच्या आजोबांपेक्षा थोरलं निघेल.

माजी फौजी, येळ्ळूर: साहेब, मी तीन वर्षं लेहकडं काढलो. तिथं जुनिपरला शुकपा म्हणतात, देवापुढं धूर घालतात. हेमिस शुकपाचन गावात देवाचं म्हणून राखलंय, तिथं झाडं हायत. मी एका रोपाला तीन दगडांचा आडोसा केलो होतो, बोटभर उंच. सुट्टीवरनं येऊन बघतो तर दगड जाग्यावर, शेंडा शेळीच्या पोटात. आता वंश चालवा.

खानापुरी: शेळीचं मान्य, नाइलाजानं. पण मग पट्टा आखून मोजा की! रोपं किती, काठीएवढी मधली झाडं किती, जुनी खोडं किती. उत्तरेचा उतार वेगळा, दक्षिणेचा वेगळा. म्हातारी आहेत, रोपंही आहेत, पण मधलंच वय गायब, तर रोपं टिकत नाहीत हे कळतं. फोटोत काय कळणार?

धनगरवाडा: आली शेळी! लाहौल असो नायतर जांबोटी, चोर आमचीच शेळी. आमच्या गायरानात अकेशिया लावलेत, सगळा एका दिवसाचा, एका उंचीचा, पलटण उभी केल्यासारखा. खाली गवताची काडी नाही. त्याला रान म्हणतासा?

कॅम्पातला: त्याच अकेशियानं सरपण दिलं म्हणून भीमगड अभयारण्याच्या झाडांवरची कुऱ्हाड थोडी तरी थांबली. तुमची चूल कशावर पेटते?

धनगरवाडा: ग्यासवर! सिलिंडर संपला की शेणी. तुमच्या अकेशियाची फांदी मोडली तर आमच्या म्हाताऱ्याला दिवसभर बसवून ठेवले. एका फांदीसाठी! कॅम्पात बसून बोलायला काय जातंय?

कॅम्पातला: वैयक्तिक होऊ नका.

धनगरवाडा: म्हातारा माझा, मी वैयक्तिकच होणार. आणि तिथली पाटी नुसती कन्नडात. वाचायची कुणी, शेळीनं?

माजी फौजी, येळ्ळूर: झालं, पोचलो सीमाप्रश्नावर. १९५६ पासनं कुठलाही विषय काढा, गाडी तिथंच थांबते.

खानापुरी: जुनिपरवर बोलतंय का कोण अजून? तसा अकेशियाचा मुद्दा चुकीचा नाही. सगळं एका वयाचं म्हणजे म्हातारंही एकदमच होणार.

फोटोवाला: फोटो माझेच. चालत्या गाडीतनं काढलो, खाली उतरलो नव्हतो, हे कबूल. पण झाडं म्हातारी दिसत होती, हेही तेवढंच खरं.

खानापुरी: उपकार झाले. पुढच्या वेळी उतरा, आणि दगडांच्या आडोशाला वाकून बघा.