‘चाळ’ला तीन लेख कशाला?

‘चाळ’चे तीन अर्थ (मुंबईतली इमारत, कांदे साठवायची चाळ, पायातले घुंगरू), म्हणून मराठी विकिपीडियावर तीन लेख करा, ही सूचना काही पटत नाही. अर्थ मोजायला विक्शनरी हा शब्दकोश आहे. इथे विषयावर लिहिण्यासारखं किती आहे ते बघायचं. मुंबईच्या चाळीवर भरपूर आहे: वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्गावरच्या १९२०च्या दशकातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी, १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. मूळ शीर्षक तिलाच द्या, वर बाकीच्या अर्थांचे लेख दाखवणारी एका ओळीची सूचना टाका. कांदाचाळीचं नावच वेगळं, तिथे घोळ नाही. पायातला चाळ ‘घुंगरू’ लेखात परिच्छेदभर मावतो. फक्त आधी ‘येथे काय जोडले आहे’ तपासा, म्हणजे ‘चाळ’कडे कुठल्या लेखांतून दुवे येतात ते कळेल. लावणीच्या लेखात नुसता [[चाळ]] असा दुवा असेल तर वाचक थेट गिरगावात पोचायचा. तिथे [[घुंगरू|चाळ]] (दिसायला ‘चाळ’, पण दुवा ‘घुंगरू’ लेखाचा) असं हातानेच बदलावं लागेल.