मदत हवी आहे: परसबागेतल्या भाज्या शेळ्यांना द्यायच्या आहेत, पण कोणत्या आणि किती?

परसदार

नमस्कार. ४ शेळ्या आणि १ खच्ची केलेला बोकड आहे, वजनं साधारण ३० किलोच्या आसपास. रोज वाळलेला चारा, झाडपाला आणि थोडा खुराक मिळतो. परसबागेतून सध्या बरंच निघतंय: कोबी-फ्लॉवरचा बाहेरचा पाला, मुळ्याचा पाला, पालक, बीट, गाजर, लाल भोपळा, घेवड्याचे वेल, टोमॅटो-वांग्याची उपटलेली झाडं, कोंब आलेले बटाटे, कांद्याची पात. यातलं काय चालेल, किती द्यायचं, कसं चिरायचं? आणि पोट बिघडलंच तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? एक शेळी ३ महिन्यांची गाभण आहे. कोबीवर कीटकनाशक मारलेलं आहे.

रवंथ

यादी सांगतोच, पण त्याआधी प्रमाण. कोटीपोटातले (चारा आंबवणाऱ्या शेळीच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) सूक्ष्मजीव रोजच्या आहाराला सरावलेले असतात. गोड किंवा पिठूळ काही अचानक भरपूर पोटात गेलं की आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि चारा पचवणारे मरतात. त्यामुळे एका दिवसात घमेलंभर गाजरं किंवा भोपळा खाल्लेली शेळी दगावू शकते, आणि कोबीची चार पानं खाल्लेलीला काही होत नाही.

३० किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे १ किलो शुष्क आहार (पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणजे किलोभर कोबी खाऊनही तिला शुष्क भाग १०० ग्रॅमसुद्धा मिळत नाही. पोट भरल्यासारखं होतं, वाळलेला चारा कमी खाल्ला जातो, रवंथ घटतं, आणि रवंथाबरोबर येणारी लाळ कमी झाली की आम्लता मोडणारी गोष्टच कमी होते.

पहिले २-३ दिवस प्रत्येकी १०० ग्रॅम. मग दर दोन दिवसांनी १०० ग्रॅम वाढवत, दहाएक दिवसांनी सगळ्या भाज्या मिळून ५०० ग्रॅमवर थांबा. त्यात गाजर, बीट, रताळं अशी कंदमुळं २०० ग्रॅमच्या आत. नवी भाजी एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे लेंड्या सैल झाल्या तर कशामुळे ते कळतं. आधी वाळलेला चारा खाऊ द्या, भाजी अर्ध्या तासाने. उपाशी जनावरापुढे भाजी टाकायची नाही, आणि पाचहीजणांना वेगवेगळ्या जागी वाढा, नाहीतर दांडगी शेळी तिघींचा वाटा खाते.

बिनधास्त चालणारं: गाजर पाल्यासकट, भोपळा बियांसकट (बियांनी जंत पडतात यावर विसंबून जंताचं औषध मात्र चुकवू नका), काकडी, दोडका, मक्याची हिरवी ताटं, रताळ्याचे वेल. दुधी किंवा काकडी चाखून कडू लागली तर फेकून द्या, तो कडूपणा विषारी असतो. काळे डाग पडलेलं, बुरशी धरलेलं रताळं अजिबात नाही. त्यात फुप्फुसावर जाणारं विष तयार होतं आणि ते शिजवूनही भरवशाने जात नाही.

घेवड्याचे वेल ओले असताना फेसाळ पोटफुगी करतात. सकाळी दव असताना कापू नका. दुपारी कापून काही तास सुकवा, मग वाळलेल्या चाऱ्यात मिसळा.

बंद: टोमॅटो-वांग्याची झाडं आणि पानं, बटाट्याचा पाला, हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले बटाटे. पिकलेले एक-दोन टोमॅटो चालतात.

चिरणं हा भाग लोक फार हलक्यात घेतात. गोल चकत्या आणि अख्खे छोटे बटाटे-बीट नेमके अन्ननलिकेत अडकतात. गाजर, बीट बोटासारखं उभं चिरा. भोपळ्याची साल फोडून मोठी फोड ठेवा, शेळी कुरतडून खाते. अर्धवट, सुपारीएवढे तुकडे सगळ्यात वाईट.

चारापाणी

वरच्यात कोबीकुळाबद्दल भर घालतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल या सगळ्यांत आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारे घटक असतात. गाभण शेळीने रोज भरपूर खाल्लं तर करडं गलगंड घेऊन जन्मू शकतात. तिला हा पाला आठवड्यातून दोनदा, मूठभर, एवढाच ठेवा आणि क्षारवीट (चाटायची खनिज-मिठाची वीट) आयोडीनवाली आणा. शिवाय या कुळात रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारा घटकही असतो. कांद्याच्या पातीनेही हेच होतं. शेळी गाईपेक्षा कांदा जास्त सहन करते, पण म्हणून गव्हाण भरून द्यायचा नाही. कधीतरी चार काड्या, बस. लघवी लालसर-तपकिरी दिसली किंवा खालची पापणी ओढल्यावर आतला भाग पांढुरका दिसला तर दोन्ही लगेच बंद.

पालक, बीटचा पाला, राजगिरा, घोळ यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सवय झालेलं कोटीपोट बरंचसं ऑक्झलेट मोडतं, म्हणून थोडं थोडं चालतं. उपाशीपोटी एकदम भारा टाकला तर कॅल्शियम घसरून अंग थरथरतं.

बोकडाकडे वेगळं लक्ष द्या. खच्ची बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते. तिच्यात मुतखडे अडकतात. या खड्यांचं मुख्य कारण धान्याच्या खुराकातलं जास्तीचं फॉस्फरस. आहारात कॅल्शियम त्याच्या दुप्पट असावं. भाज्या सुरू करताना त्याचं धान्य वाढवू नका, पाणी सतत स्वच्छ ठेवा. तो शेपटी हलवत कुंथतोय, ओरडतोय आणि थेंब थेंब लघवी होतेय, हे पाहून लोक बद्धकोष्ठ समजतात आणि जुलाबाचं औषध पाजतात. त्यात मोलाचे तास जातात. ही डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवायची वेळ आहे.

फवारणीचं सांगायचं तर, कोबीचा बाहेरचा पाला आपण खात नाही, जनावराला देतो, आणि औषध सगळ्यात जास्त त्याच पानांवर बसलेलं असतं. बाटलीवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस होईपर्यंत पानही नाही. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही. गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्या बागेत असतील तर त्या वाफ्यातला पाला घेऊच नका.

परसदार

खूप आभार. दोन शंका. टोमॅटोची झाडं कडक वाळवून दिली तर चालतील का? आणि मुळ्याला ५ दिवसांपूर्वी युरिया टाकलाय, त्याचा पाला?

चारापाणी

दोन्हींना नाही. टोमॅटोच्या पानांतलं विष वाळवल्याने जाईल असं धरून चालू नका; झाडं खतात टाका.

युरियानंतर पाल्यात, त्यातही देठांत, नायट्रेट साठतं. ढगाळ हवा असेल किंवा ताणानंतर एकदम पाणी मिळालं असेल तर आणखी. तेही वाळवून कमी होत नाही. पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही: हिरड्या तपकिरी-निळसर, धाप, झोकांड्या, रक्त चॉकलेटसारखं. हा पाला यावेळी सोडूनच द्या.

गव्हाण

बिघडल्यावर काय करायचं ते राहिलंय. तीन गोष्टी वेगळ्या ओळखा, कारण एकीचा उपाय दुसरीत घातक ठरतो.

पोटफुगी: डावी भकाळ (बरगड्यांमागचा खळगा) वर येते, टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज, दात खाणं, पोटाला लाथा. शेळीला आडवं होऊ देऊ नका, पुढचे पाय उंचावर ठेवा. फेसाळ फुगीत ५० ते १०० मिली खाद्यतेल गालाच्या कडेने हळूहळू पाजा, डोकं वर न ओढता. घाईने पाजलेलं तेल फुप्फुसात जातं. मग डावी बाजू चोळत राहा. धाप लागली तर वाट पाहू नका.

घशात अडकणं: मान ताणलेली, तोंडातून लाळ, खोकला, कधी मानेच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागते. ढेकर निघत नाही म्हणून पोटही फुगतं आणि फसगत होते. लाळ गळत असेल तर तेल, पाणी काहीही पाजू नका. काठी किंवा नळी घशात घालू नका. सरळ डॉक्टर.

आम्लता: बहुतेकदा काही तासांनी ते दुसऱ्या दिवशी. शेळी सुस्त, खाणं बंद, कोटीपोट दाबल्यावर पाण्याची पिशवी हलल्यासारखं लागतं, आंबूस वासाची पातळ हगवण. खुराक आणि भाजी बंद, समोर फक्त वाळलेला चारा. खायचा सोडा किती द्यायचा ते डॉक्टरांना वजन सांगून विचारा. करडांना अशा वेळी आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा जीवघेणा आजार) गाठतो, म्हणून त्याची लस वेळेवर हवी. तुमच्या गाभण शेळीला विण्याआधी साधारण महिनाभर दिली की चिकातून करडांना संरक्षण मिळतं.

डॉक्टरांना फोन करताना काय खाल्लं, किती, केव्हा, अंदाजे वजन आणि ताप एवढं तयार ठेवा. निरोगी शेळीचं तापमान ३८.५ ते ३९.७ अंश सेल्सिअस असतं. फवारलेलं खाल्ल्याचा संशय असेल तर औषधाची बाटली जवळ ठेवूनच फोन करा, त्यांना त्यावरचं घटकाचं नाव लागतं.