तानी बुन्चो ‘मिसळ’? अजिबात नाही

कुंचला: परवा इथं कुणीतरी जपानी चित्रकार तानी बुन्चोबद्दल लिहिलं, "तानी बुन्चो म्हणजे मिसळ. थोडं चीन, थोडं जपानी कानो घराणं, थोडं डच. स्वतःचं काय?" दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. १७९३ साली जपानच्या शोगुन सरकारचा प्रमुख मंत्री मात्सुदाइरा सादानोबु इझु-सागामीच्या किनाऱ्याची पाहणी करायला निघाला, तेव्हा बुन्चो बरोबर होता. त्या दौऱ्यातली ‘कोयो तान्शो’ची चित्रं बघा. चक्क पाश्चात्त्य यथार्थदर्शन, जवळचं मोठं, लांबचं लहान! परकी जहाजं कुठं लागतील याची काळजी असलेल्या माणसाला धुक्यातले चिनी डोंगर काय कामाचे? काम बघून हात बदलला, यात कमीपणा कसला?

पायवाट: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. नांगा, म्हणजे चिनी विद्वान-चित्रकारांच्या वळणाचा जपानी चित्रकार, पोटासाठी रंगवत नाही. हा तर सादानोबुच्या पदरी. दुसरा नांगा चित्रकार इके नो ताइगा, त्याचं चित्र लांबून ओळखू येतं. बुन्चोचं येतं?

कुंचला: ताइगानंही तरुणपणी पंखे रंगवून विकलेत. त्याचं पोट चालतं, याचं नाही?

निळीशाई: माझा राग वेगळा आहे. डच चित्रकार व्हान रोयेनच्या फुलापक्ष्यांच्या चित्राची बुन्चोनं नक्कल केली, तर कौतुक. आम्ही इंटरमिजिएटला काय केलं? सरांनी फळ्यावर काढलेले दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. मी आमच्या घाटातला खरा उतार काढला, तर सगळ्या वर्गासमोर कागद फाडला. नक्कल या शब्दानंच अंगावर काटा येतो.

गेरू: सरांचा राग बुन्चोवर का काढताय? मी सहा वर्षं नकलाच केल्या, त्यातूनच हात बसला.

निळीशाई: तुमचा बसला असेल. माझ्या धाकट्या भावानं त्या वर्षी चित्रकला सोडली, ती कायमची. त्याला काय सांगू, हात बसेपर्यंत थांब?

गेरू: माझं बोलणं तुम्हाला लागलं. तसं म्हणायचं नव्हतं. पण बुन्चोनं ती नक्कल स्वतःहून केली, कुणी छडी घेऊन उभं नव्हतं. फरक तिथं आहे.

कुंचला: मूळ मुद्द्यावर या! ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही, त्याच्या हाताखाली वातानाबे काझानसारखा चित्रकार तयार होतो?

पायवाट: काझान मोठा, मान्य. त्याचं श्रेय त्याचंच. रात्री बुन्चोनं केलेलं किमुरा केन्काडोचं व्यक्तिचित्र पुन्हा उघडून बघितलं, १८०२ चं. मित्र गेल्यावर काढलेलं, आणि चेहऱ्यावर हसू. ते कुणाचं उसनं वाटत नाही. तेवढं एक तुमच्या बाजूला धरा. डोंगरांबद्दल माझं मत तेच.