हॉटस्पॉटसाठी ४० हजारांचा फोन? कशाला?

सिंहगडरोडकर
कालपासून एक फॉरवर्ड डोक्यात जातंय: ‘घरून काम करता? फोनवरून लॅपटॉपला नेट द्यायचं तर ४० हजारांखालचा फोन घेऊच नका, प्रोसेसर दम तोडतो.’ काहीही! हॉटस्पॉटमध्ये फोन पोस्टमन असतो. पत्र पोचवायचं, वाचायचं नाही. त्याला गेमिंगचा प्रोसेसर हवा कशाला? बघायचे ते बँड, म्हणजे फोन नेटवर्कच्या कुठल्या लहरी पकडतो ते. एन७८ म्हणजे ३३०० मेगाहर्ट्‌झच्या वरचा. वेग भरपूर, पण दोन भिंती आल्या की गळपटतो. एन२८ म्हणजे ७००. वेग बेताचा, पण आतल्या खोलीपर्यंत येतो. आपल्या घरात कुठली कंपनी नीट लागते ते आधी शेजारच्यांच्या फोनवर बघा, मग दुकानाची पायरी चढा. आणि वायफायचा नाद सोडून केबल लावा. साधी यूएसबी २.० सुद्धा ४८० एमबीपीएसची असते. तेवढं नेट येतंय कुणाकडे?

बाणेरची_रात्रपाळी
आणि पोस्टमनला ताप भरला की? केबल लावली की चार्जिंगही चालू, वरून फाइव्ह-जी, वरून मे महिना. रात्री क्लायंटचा कॉल होता. कव्हर काढलं, फोन पंख्याखाली उपडा ठेवला, तरी नेमकी माझी बोलायची पाळी आली आणि ‘फोन गरम झाला आहे’ म्हणून हॉटस्पॉट बंद. फोन स्वस्तातलाच होता. आता बायपास चार्जिंगवाला घेतलाय. वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. महाग पडला, पण नोकरी टिकली.

सिंहगडरोडकर
बायपास चार्जिंग महागड्याच फोनांत असतं असं कुणी सांगितलं? इन्फिनिक्सच्या नोट ३० मध्ये होतं, तो २०२३ला १५ हजारांच्या आसपास मिळायचा.

पेठेतला_जुनाजाणता
आम्ही सीडीएमए या जुन्या तंत्राच्या फोनला डेटा केबल लावून नेट जोडायला #७७७ डायल करायचो. कागदावर १४४ केबीपीएस. एक फोटो उघडेपर्यंत चहा होऊन यायचा, पण रेंजची रड नव्हती. आता आमच्या इथे रेंजच नाही, कारण गच्चीवरचा टॉवर सभासदांनी आरडाओरडा करून काढायला लावला. रेडिएशन म्हणे! तीच मंडळी आता जिन्यात उभी राहून मीटिंगा करतात.

धायरीची_आई
आमच्याकडे ओरडणाऱ्यांत मी पुढे होते, आणि पुन्हा ओरडेन. टॉवरच्या बरोबर खाली आमचं घर, घरात तान्हं बाळ. भाडं सोसायटीने खायचं, त्यातून लिफ्ट रंगवायची, आणि टॉवरखाली झोपायचं आम्ही!

पेठेतला_जुनाजाणता
बाई, टॉवर लांब गेला की फोनला तिथवर पोचायला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे गच्चीवरचं रेडिएशन तुम्ही उशाशी आणलंत. शिवाय सप्टेंबर २०१२पासून आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे.

धायरीची_आई
‘बाई’ म्हणून शिकवू नका. मर्यादा कागदावर. मोजायला कोण येतं?

नऱ्हेकर
दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागता येते.

धायरीची_आई
वा! म्हणजे मोजायचे पैसेही आम्हीच भरायचे. भाडं कुणाला मिळतं ते वर लिहिलंच आहे.

पेठेतला_जुनाजाणता
सभेत हजर राहिलात तर भाड्याचा हिशोबही कळतो. पण सभेला यायचं नाही आणि नंतर ग्रुपवर निबंध.

धायरीची_आई
सभा ठेवता रविवारी दुपारी एकला. जेवणं काय तुम्ही वाढणार?

बाणेरची_रात्रपाळी
अहो, धागा फोनचा आहे! सिंहगडरोडकर, बँड बघा म्हणता ना? रेडमी ए४ फाइव्ह-जी २०२४ला आला तेव्हा त्यात फक्त स्टँडअलोन, म्हणजे फोर-जीच्या टेकूशिवाय चालणारं फाइव्ह-जी होतं. जिओवर चालायचं, एअरटेलच्या तेव्हाच्या, फोर-जीच्या टेकूवरच्या फाइव्ह-जीवर नाही. खोक्यावर बँडची यादी लांबलचक असूनही. आणि स्वस्तातल्या कित्येक फोनांचा हॉटस्पॉट फक्त वायफायच्या जुन्या पट्ट्याचा, २.४ गिगाहर्ट्‌झचा. आमच्या मजल्यावर प्रत्येक घरात राउटर, त्या गर्दीत तो काय चालणार?

सिंहगडरोडकर
म्हणून तर केबल लावा म्हटलं. पण स्टँडअलोनचं बरोबर आहे, माना डोलावतो. बँडबरोबर एसए (स्टँडअलोन) आणि एनएसए (फोर-जीच्या टेकूवरचं) दोन्ही आहेत का तेही बघा. झालं समाधान? तरी आकडा १५-२० हजारांच्या पुढे जात नाही. आणि विंडोजमध्ये कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरणारं) करून ठेवा, नाहीतर अपडेट रोजचा डेटा सकाळीच फस्त करतं आणि मग बसा ६४ केबीपीएसवर.

नऱ्हेकर
माझा मॅक आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडला तर काहीच दिसत नाही.

सिंहगडरोडकर
बऱ्याच अँड्रॉइड फोनांची यूएसबी टेदरिंग (केबलवरून नेट देणं) मॅक थेट ओळखतच नाही. विंडोजला ओळखता येते. तुम्ही वायफायच्या कमी गर्दीच्या पट्ट्याचा, ५ गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट असलेला फोन बघा.

बाणेरची_रात्रपाळी
म्हणजे वायफायच! ‘नाद सोडा’ कोण म्हणालं होतं?

सिंहगडरोडकर
मॅक घेणाऱ्यांना १५ हजारांचा फोन सुचवण्याचा नाद सोडतो. तुमचं तुम्ही बघा, ते फॉरवर्ड तुमच्यासाठीच होतं.